मामा तलावाचा अर्ज

‘अर्ज’ हा शब्द माझ्या आयुष्यात दोन वाटांनी आला. मुशायऱ्यात शायर उभा राहतो, श्रोत्यांकडे पाहतो आणि म्हणतो, ‘अर्ज किया है’. म्हणजे, काही सांगायचं आहे, ऐकून घ्या. समोरून ‘इर्शाद’ असा आवाज येतो आणि मगच तो पुढं बोलतो. दुसरी वाट कचेरीची. तिथंही अर्जच असतो. पण तिथं तो कागद असतो, त्याला सहपत्रांची यादी असते आणि समोरून ‘इर्शाद’ऐवजी ‘त्रुटीपूर्तता करावी’ असं उत्तर येतं. शब्द एकच, अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेला. नम्रपणे आपली गोष्ट मांडणं, एवढाच त्याचा अर्थ. कचेरीपर्यंत पोहोचता पोहोचता त्यातली गोष्ट मात्र कुठंतरी गळून गेली.

मी कविता लिहितो आणि बी.ए. झालेला माणूस म्हणून आसपासच्या लोकांचे अर्जही लिहून देतो. खरं सांगायचं तर कवितांपेक्षा अर्जच जास्त लिहिले, आणि साभार परतही अर्जच जास्त आले. आज त्यांपैकी एका अर्जाबद्दल बोलायचं आहे. तो एका तलावाच्या दुरुस्तीसाठी होता.

गोंदिया जिल्हा तलावांचा आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, पण तलावांनी दोन्ही जिल्हे अजून एकाच माळेत ओवलेले आहेत. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. कोहळी समाजानं या कामात असं कसब मिळवलं की उतार पाहून पाळ कुठं घालावी हे त्यांना उपजतच कळे, अशी ख्याती झाली. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पुढं मालगुजारी आली आणि तलाव मालगुजारांच्या नावावर गेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री त्यांचं नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. एवढं लांब नाव कोण घेणार? सरकारी टिपणात त्याचं झालं ‘मा. मा. तलाव’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. कारकुनानं वेळ वाचवण्यासाठी केलेल्या संक्षेपातून एक नातं निघालं.

पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव मोजले जातात. एकट्या गोंदिया जिल्ह्यात ते हजाराच्या वर आहेत. धानाला ऐन निसवण्याच्या वेळी पावसानं पाठ फिरवली की या तलावांचं एक पाणी पीक वाचवतं. ढिवरांची घरं त्यांतल्या मासळीवर चालतात. गुरं तिथं पाणी पितात आणि महाराष्ट्रात जवळजवळ फक्त आपल्याच भागात उरलेला सारस पक्षी त्याच पाणथळीच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानं जगतो. पण मामा म्हातारा झाला आहे. पोटात गाळ साचला, पाळीला भगदाडं पडली, काठावर बेशरम माजली आणि बऱ्याच ठिकाणी तलावाच्या कोरड्या अंगात शेती शिरली.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावचे ढिवर समाजाचे एक वयस्क गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. हाती अनुदानासाठीच्या अर्जाचा नमुना होता. म्हणाले, “भाऊ, तलाव आमाले समजते, कागद तुमाले समजते. मी सांगतो, तुमी लिवा.”

मी लिहायला बसलो आणि काकाजी सांगत गेले. पाळ कुठल्या अंगानं झिरपते. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचं जुनं दार, कधीपासून गळतं आणि त्यामुळं पौषातच तलाव कसा रिता होतो. उगवतीकडच्या उथळ भागात मरळ पिलं काढते, म्हणून तिथं यंत्र लावू नये; खोदायचंच तर मधला डोह खोदावा, म्हणजे उन्हाळ्यात मासळीला आसरा राहील. बेशरम नुसती कापून भागत नाही, मुळासकट उपटून पाण्याबाहेर न्यावी लागते, नाहीतर तुकड्यातुकड्यातून पुन्हा फुटते. तासाभरात त्या माणसानं मला एका तलावाचा अख्खा दवाखाना समजावून दिला.

मग मी नमुना उघडला. त्यात रकाने होते: तलावाचा सांकेतांक, पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये, अपेक्षित गाळ घनमीटरमध्ये, पुनर्स्थापित होणारी सिंचनक्षमता, लाभ-व्यय गुणोत्तर. काकाजींनी सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट लिहायला जागा नव्हती. शेवटी ‘शेरा’ या रकान्यात, दोन बोटं जागेत, मी लिहिलं, ‘तलाव नादुरुस्त आहे.’ माझ्या हातून इतकं गरीब वाक्य क्वचितच उतरलं असेल.

तो अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा तलावाच्या मालकीचा दाखला नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा संस्थेचे लेखापरीक्षण अहवाल कमी होते म्हणून. तिसऱ्यांदा अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता नव्हती म्हणून. तिसरं पत्र हाती पडलं तेव्हा जूनचा दुसरा आठवडा चालू होता. मृग बरसला होता आणि तलावाच्या तळाशी पाणी धरू लागलं होतं. आता त्रुटी पूर्ण केली असती तरी काम पुढच्या उन्हाळ्यातच झालं असतं. पुढच्या वर्षी गेलो तर अर्जाचा नमुनाच बदलला होता. गळकं तुडूम तसंच गळत राहिलं आणि त्या दोन वर्षांत काकाजींच्या घरची दोन तरणी पोरं मासळी सोडून परमुलखात मजुरीला गेली. एका न भरलेल्या रकान्याची ही किंमत आहे, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

आता थोडं कचेरीच्या बाजूनंही पाहू. टेबलामागचा माणूस दुष्ट असतो असं मानणं सोपं आहे, पण ते खरं नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त लिपिकानं मला सांगितलं, “मास्तर, अर्ज मंजूर न केल्याबद्दल मला कुणी विचारत नाही. एक कागद कमी असताना मंजूर केला, तर लेखापरीक्षणात दहा वर्षांनीही विचारतात.” यात सारं आलं. न खोदलेले तलाव कागदावर खोदल्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत, सार्वजनिक पैसा आहे, त्यावर पहारा हवाच. पण दर गैरप्रकारामागं एक नवा दाखला वाढत गेला आणि जुना एकही कमी झाला नाही. चोराला दाखले जमवणं अवघड नसतं. अडतो तो काकाजींसारखा माणूस.

शिवाय एका तलावाला मालक किती? सर्वसाधारणपणे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्याहून मोठे राज्याच्या यंत्रणेकडे. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे. तलाव जंगलात असेल तर वनखातं. मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे. गावचा ठराव ग्रामपंचायतीकडे. तलाव एका जागी पडून असतो आणि अर्जदार या साऱ्या दारांना फिरतो. ज्या कार्यालयांनी एकमेकांना विचारायचं, त्यांच्यातला जासूद होऊन नऊवारीतली बाई किंवा पंचाधारी म्हातारा एसटीनं हिंडतो.

गंमत अशी की सरकारला ही माहिती बरीचशी आधीच असते. देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत २४ लाख २४ हजार ५४० जलसाठे मोजले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात ९७ हजार ६२. जलसाठा कुणाच्या मालकीचा, वापरात आहे की नाही, त्यावर अतिक्रमण आहे का, हे सारं त्या गणनेत विचारलं गेलं. मग तोच तलाव सरकारचाच आहे, हे सरकारला पुन्हा पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर का?

आता अर्जातला दुसरा आणि माझ्या मते मोठा प्रश्न. अर्जाचा नमुना नुसती माहिती विचारत नाही. काम कशाला म्हणायचं हेही तोच ठरवतो. ज्याला रकाना नाही ते अंदाजपत्रकात येत नाही आणि अंदाजपत्रकात नाही ते जमिनीवर होत नाही. रकाना घनमीटरचा असेल तर तलावाची दुरुस्ती म्हणजे खोदकाम.

उदाहरणं पाहा. केंद्र सरकारनं २००५ मध्ये जलसाठ्यांची दुरुस्ती, नूतनीकरण आणि पुनरुज्जीवन करण्याची योजना पथदर्शी म्हणून सुरू केली. उद्देश उत्तम. पण त्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल आणि लाभ-व्ययाचं गणित लागतं. धान किती वाढेल ते त्यात मांडता येतं. मरळीची वीण आणि सारसाचं घरटं कुठल्या रुपयात मांडायचं? महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. २०२३ मध्ये ती नव्यानं सुरू झाली तेव्हा गाळ वाहून नेणाऱ्या लहान शेतकऱ्याला एकरी १५ हजार रुपये, अडीच एकरांपर्यंत म्हणजे जास्तीत जास्त साडेसदतीस हजार, अशी मदत ठरली. शेताला गाळ मिळतो, तलावाचं पोट मोकळं होतं, हे चांगलंच. पण तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. सरसकट खरवडला तर त्यातली झाडोऱ्याची बियाणंही ट्रॉलीत बसून जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या परिसरात, मनीष राजणकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर तलाव सावरण्याचं काम केलं आहे. त्यांनी काय केलं? बेशरम उपटली. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली. दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे जुन्या मच्छीमारांना विचारून ठरवलं. परदेशी जातीचा गवत्या मासा हा झाडोरा फस्त करतो, म्हणून बीज सोडताना विचार केला. कामाला मोठी यंत्रं नव्हती. माणसं होती आणि माहिती होती. तलाव जिवंत करणं म्हणजे काय, ते तिथं पाहावं. आणि मग अर्जाचा नमुना काढून शोधावं, की ‘पाणवनस्पतींची लागवड’ हा रकाना त्यात कुठं आहे.

अर्ज सोपा करणं शक्य नाही असं कुणी म्हणेल, तर सरकारनंच केलेली तीन कामं मी दाखवीन. पहिलं, ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात बहुतेक कामांसाठी शपथपत्र आणि साक्षांकित प्रती मागणं बंद झालं. माणसानं स्वतः सही करून घोषणा केली की पुरे. त्यानं आभाळ कोसळलं नाही. दुसरं, महाडीबीटी या संकेतस्थळावर शेतकऱ्यांसाठी ‘अर्ज एक, योजना अनेक’ ही सोय झाली. एकदा माहिती भरली की तीच अनेक योजनांना चालते. जे शेतकऱ्याला लागू झालं ते तलावाला का लागू होऊ नये? प्रत्येक तलावाची माहिती एकदा नोंदवावी आणि गाळ, पाळ, मासळी, झाडोरा या साऱ्या योजनांनी ती तिथूनच घ्यावी.

तिसरं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८ चे नियम. दाव्यासाठी काय पुरावा चालेल, याच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही आहे. दावा करणारा सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं आणि ते लिहून घेतलं, तर तोही पुरावा. अमुकच एक कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये, हेही २०१२ च्या दुरुस्तीनं सांगितलं. अंमलबजावणीत अडचणी आहेत, दावे रखडतात, हे खरं आहे. पण कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं, की माणसाची आठवण हाही दस्तऐवज आहे.

पहिल्यांदा म्हटलं खरं, पण तेही पूर्ण बरोबर नाही. आपल्या भागातल्या जुन्या महसुली दप्तरांत एक कागद सापडतो, त्याचं नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. वाजिब म्हणजे योग्य. जे मांडणं योग्य आहे ते. पाणी, वाट, मासेमारी यांबाबत गावचे रिवाज काय, हे गावकऱ्यांना विचारून त्यात लिहून ठेवलेलं असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६५ मध्ये हा शब्द आजही आहे, आणि त्याआधी कलम १६१ मध्ये निस्तारपत्रक आहे. या कागदात अर्ज करणारा गाव होता आणि लिहून घेणारा सरकारी माणूस. लिहिण्याचं ओझं कचेरीचं, सांगण्याचा मान गावाचा. आज आपण ते नेमकं उलटं केलं आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. अर्ज सोपा म्हणजे नुसता लहान नव्हे. जे फक्त गावालाच माहीत आहे ते अर्जानं गावाला विचारावं. जे कचेरीला माहीत आहे ते कचेरीनं भरावं. पहिला अर्ज एका पानाचा असावा: तलाव कुठला, बिघडलं काय, काय करावं असं वाटतं, कोण श्रम देणार, ग्रामसभेचा ठराव कधीचा. एवढ्यावर अभियंत्यानं तलावावर यावं, पाळीवरून फिरावं आणि मोजमाप, अंदाजपत्रक, मान्यता ही पुढची कामं त्याच्या खात्यानं करावीत. त्रुटी काढायच्या त्या एकाच पत्रात काढाव्यात. पहारा अर्जाच्या तोंडाशी कमी आणि कामाच्या शेवटी जास्त असावा: झालेलं काम ग्रामसभेत वाचून दाखवावं, पाळीवर फलक लावावा. ज्यांनी तो तलाव रोज पाहायचा आहे, त्यांच्याइतका कडक लेखापरीक्षक दुसरा नाही.

भाषेचंही तसंच. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ या शब्दांनी कुठल्याही तलावात थेंबभर पाणी वाढत नाही. महाराष्ट्रानं १९६४ साली राजभाषा अधिनियम केला तो लोकांना कळावं म्हणून. सांडव्याला इथला माणूस ‘सलंग’ म्हणत असेल तर नमुन्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापायला काय हरकत आहे?

आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे पंचांग. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तलावाचं कामाचं वर्ष साधारण तेव्हाच सुरू होतं. पाणी उतरल्यापासून मृग लागेपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने हातात असतात. हिवाळ्यात मंजुरी मिळाली तर उपयोग, पावसाळ्यात मिळाली तर ती नुसता कागद. हे बदलेपर्यंत आपण आपलं पंचांग बदलू शकतो. ऐकणाऱ्यांत कुणी सरपंच, कुणी मच्छीमार संस्थेचा सचिव असेल तर त्यांना सांगतो, उन्हाळ्याची वाट पाहू नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तलावाचा ठराव घ्या. ठरावातच काकाजींसारख्या दोन-चार जुन्या माणसांचं सांगणं नावानिशी लिहून घ्या. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते, त्यात तलाव घाला. अर्ज दिवाळीच्या आत द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. पोच हा कागद आपलाही पहारेकरी असतो.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२१ ते २०३० हे दशक बिघडलेला निसर्ग सावरण्यासाठी म्हणून जाहीर केलं आहे. तसे ठराव दूरवर होतात. आपल्याकडे त्यांचं मोजमाप एवढंच, की त्या दशकात आपल्या गावचं गळकं तुडूम दुरुस्त झालं की नाही.

काकाजींचा अर्ज यंदा मी पुन्हा लिहिला. या वेळी ‘शेरा’ रकान्यात ‘सोबतचे पान पाहावे’ असं लिहिलं आणि त्यांनी तासभर जे सांगितलं होतं ते सगळं, त्यांच्याच बोलीत, एक पान भरून जोडलं. खाली त्यांचा अंगठा. मंजूर होईल की नाही, ते कळायचं आहे. पण निदान या वेळी तो अर्ज आहे. कुणीतरी काहीतरी सांगितलं आहे. आता समोरून ‘इर्शाद’ यायला हवा.